आडव्या बाटलीची जाहिरात

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, असं ओठ दाबून नाही. चहाचा कप खाली ठेवा आणि नीट कबूल करा. कारण कर्जतपासून खोपोलीपर्यंत जो भेटतो तो मला बघून आधी हसतो आणि मग विचारतो, "काय ताई, परत कधी?"

परत कधीच नाही!

तर आमच्या गावात दारूचं दुकान आहे. म्हणजे होतं. शाळेच्या वाटेवरच. दिलीपशेठचं. ते बंद व्हावं म्हणून गावातल्या बायकांनी सह्या गोळा केल्या, अर्ज दिला, हेलपाटे मारले आणि शेवटी मतदान मंजूर करून आणलं. पुढे होती माझी शेवंता आत्या, बचत गटाची अध्यक्ष.

हे मतदान कसं असतं, माहीत आहे ना? मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. पण खरी मेख पुढे आहे. गावाच्या यादीत जितक्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडव्या बाटलीवर पडायला हवा. आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या सगळ्यांच्या! म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी बसली, तिचं मत न मागता दिलीपशेठच्या खिशात.

आत्याच्या दृष्टीने हा गावाचा प्रश्न होताच, पण त्याआधी घरचा होता. तिचा गणेश, माझा आतेभाऊ, एकेकाळी तालुक्यातला सगळ्यात वेगवान बॉलर होता. खालापूरच्या टीम त्याला गाडी पाठवून न्यायच्या. आता तो सामना सुरू असताना सीमारेषेबाहेर बसतो आणि दुपारनंतर बसताही येत नाही. आत्या त्यावर काही बोलत नाही. ती अर्जांवर सह्या गोळा करते.

मतदान ठरलं रविवारी. आणि त्याच आठवड्यात आमच्या गावदेवी चषकाच्या मॅचेस! भातकापणी झालेल्या मळ्यात बांध सपाट करून मैदान केलेलं, खोपोलीच्या केबल चॅनलवर थेट प्रक्षेपण, मोबाइलवर लाइव्ह. परदेशात जहाजावर असलेली आमची पोरंसुद्धा बघतात. आणि मुख्य प्रायोजक कोण? तर 'रानगवा सोडा'. आणून देणारे कोण? दिलीपशेठ!

हा सोडा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. मोठी मॅच लागली की षटक संपतं, आणि तो दाढीवाला हिरो समुद्रावर मित्रांच्या गळ्यात हात टाकून हसतो. सोडा कुठेच दिसत नाही, ग्लासही दिसत नाही. नुसतं नाव, आणि त्या नावाची बिअर. मी कॉलेजात याच विषयावर प्रकल्प केला होता. बंदी दारूच्या जाहिरातीला आहे, मग सोड्याची करा, पाण्याची करा, गाण्याच्या कार्यक्रमाची करा. बघणाऱ्याला काय ते कळतंच!

मी तडक काकांकडे गेले. माझे काका म्हणजे स्पर्धा कमिटीचे अध्यक्ष. बोर्ड आणि फ्लेक्स यांच्या ढिगाऱ्यात बसले होते.

"काका, हा दारूचा प्रायोजक कशाला घेतलात?"

"दारू कुठंय गं? सोडा हाय. लिवलंय बघ मोठ्या अक्षरात."

"हा सोडा आजपर्यंत कुठल्या दुकानात पाहिलात तुम्ही?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सोडा नाय पायला. बिअर पायली."

"मग!"

"मग काय? स्पीकर, मांडव, कॅमेरा, सगळं त्यांनीच दिलंय. तू देतीस का?"

आमच्या मोठ्या माणसांशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर टेनिस बॉल मारायचा. जितक्या जोरात मारावा, तितक्या जोरात आपल्याच तोंडावर येतो. मी सरळ धमकी दिली. आठवडाभर खेळाडूंचा चहा-नाश्ता बचत गटाच्या बायका करणार होत्या. म्हटलं, बायकांच्या मतदानाची जाहिरात लाइव्हवर दाखवा, नाहीतर चहा बंद.

काका घाबरले. दारूपेक्षा चहाची ताकद आमच्याकडे मोठी आहे. पण त्यांची अट होती. "दिलीपशेठला शब्द दिलाय मी. लाइव्हवर दारूबिरू, बंदीबिंदी असला एक पण शब्द यायला नको. चित्र दाखव हवं तर."

आणि इथे, मंडळी, माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली. तेव्हाच फुटली असती तर किती बरं झालं असतं!

मी म्हटलं, ठीक आहे. ते दारूचं नाव न घेता दारू विकतात ना? मग मी दारूबंदीचं नाव न घेता दारूबंदी विकते! त्यांचीच युक्ती त्यांच्यावर! मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी आरशात बघून मान हलवली.

इंटरनेटवरून बाटलीचा फोटो घेतला. साधासुधा नाही हं. हिरवीगार बाटली, अंगावर गार पाण्याचे थेंब, एक थेंब ओघळून खाली येतोय. ती मस्त आडवी केली. मागे आमच्या मळ्याचा फोटो, सोनेरी उन्हातला. खाली अक्षरं: 'या रविवारी. शाळेसमोर. हक्काने या!' आणि त्याखाली अधिक माहितीसाठी म्हणून आत्याचा मोबाइल नंबर.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"प्राजू, ह्यात मतदान कुठाय?"

"आडवी बाटली म्हणजे मतदान, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"आपल्या गावातलं सांगंल. भायेरच्याला काय समजंल?"

"काका, जाहिरातीतलं तुम्हाला कळतं की मला?"

काकांनी चष्मा खाली घेतला आणि फ्लेक्स आवरायला लागले. आता वाटतं, तेवढ्यासाठी तरी त्यांनी माझ्या एक कानाखाली द्यायला हवी होती.

सामने सुरू झाले. प्रत्येक षटक संपलं की पडद्यावर आधी दाढीवाला हिरो, मग माझी बाटली. समालोचन करायला नेरळकडून सँडी नावाचा माणूस आणला होता. त्याला गावातलं काही माहीत नाही. समोर जे येईल ते ओरडायचं, हेच त्याचं काम.

"आणि षटक संपलंय मंडळी, आणि पुन्हा एकदा आपल्या भेटीला येतीय... बाटली! काय थेंब हायेत बघा अंगावर! उन्हात घसा कोरडा पडलाय की नाय? विसरू नका! येत्या रविवारी! शाळेसमोर! हक्कानं या!"

मी टाळ्या वाजवल्या. हो, स्वतःच्या हाताने!

दुसऱ्या दिवसापासून आत्याचा फोन वाजायला लागला. ती चुलीवर दुधाचं पातेलं ठेवून एका कानाला फोन लावायची, आणि मी शेजारी बसून ऐकायचे.

"हालो, हां, मीच शेवंता. हां, रविवारचं अगदी खरं हाय. सरकारी साहेब येणार हायेत. मग! पूर्ण सरकारमान्य हाय हे. चोरून नाय काय करत आमी."

थोडा वेळ ऐकून, "पैसे? पैसे कसले रं बाबा? ह्यात कुणी पैसे घेत नाय."

पुन्हा ऐकून, "एकाला एकच मिळंल. दोनदा येऊन चालत नाय, बोटाला शाई लावतात."

फोन ठेवून आत्या म्हणाली, "शीळफाट्याचा होता कोण. लई आनंद झाला त्याला. मित्रांना घेऊन येतो म्हनला. पन भायेरच्या बाप्याचं मत हितं कसं चालंल गं?"

"पाठिंबा द्यायला येत असतील, आत्या! बघ, पुरुष स्वतःहून येतायत. हे जाहिरातीमुळे!"

माझ्या डोक्यात तर भाषण तयार व्हायला लागलं होतं. सत्काराला काय बोलायचं ते. खरंच सांगते.

रविवार उजाडला.

सकाळी शाळेकडे जाते तर रस्त्यावर मोटारसायकली. आधी वाटलं, अंतिम सामन्याची गर्दी. पण अंतिम सामना दुपारी, आणि गर्दी मैदानात नाही, शाळेच्या फाटकासमोर. एक टेंपो आला, त्यातून अख्खी क्रिकेट टीम उतरली, एकसारख्या जर्सीत. त्यांच्या कप्तानाच्या हातात बर्फाने भरलेला थर्माकोलचा डबा. दुसऱ्याकडे फरसाणाची पिशवी. ठाकुरवाडीकडून आलेले एक आजोबा स्वतःचा स्टीलचा ग्लास घेऊन आले होते, धोतराला पुसून पुसून चमकवत होते.

मी त्यांना विचारलं, "आजोबा, कशाला आलात?"

"टीवीवर दाखवत व्हते ना पोरी. लाइन कुठून लागतीय?"

माझ्या पायाखालची जमीन अशी सरकली म्हणता! घशाला कोरड. म्हणजे मीसुद्धा त्यांच्याच अवस्थेत!

आणि तेवढ्यात मला गल्लीच्या तोंडाशी आमच्या गावातल्या सुना दिसल्या. डोक्यावर पदर घेऊन पाच-सहा जणी मतदानाला निघाल्या होत्या. समोर तहानलेल्या पुरुषांचा हा घोळका बघितला, कुजबुजल्या, आणि वळल्या. घरी! त्यांच्या मागच्या त्यांना बघून वळल्या. मी धावत गेले, "अगं या ना, काही नाही होत!" तर एक म्हणाली, "सासरे ओरडतील, ताई. एवढ्या बाप्यांतून कसं जायचं?"

आणि लक्षात आहे ना? घरी गेलेली प्रत्येक बाई म्हणजे दिलीपशेठला एक मत!

शाळेच्या आत सरकारी साहेब टेबल मांडून बसलेले. समोर मतपेटी, जवळजवळ रिकामी. बाहेर एकच हवालदार, तोही त्या फरसाणाकडे बघत. मतदानामुळे दुकान बंद, आणि बंद शटरपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत पाय पसरून दिलीपशेठ. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. आवाज एकदम गोड.

"पोरी, शटर खाली असताना एवढं गिऱ्हाईक मला सुद्धा कधी आणता आलं नाय गं."

मी पेटले. कठड्यावर चढले आणि ओरडले, "ऐका! इथे दारू मिळणार नाही!"

कप्तान म्हणाला, "मग काय मिळनार?"

"काही मिळणार नाही! मतदान आहे! दारूबंदीचं!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजोबांनी ग्लास पिशवीत ठेवला, पुन्हा काढला.

"मग जाहिरात कशाला केली?" मागून कोणीतरी.

"ती दारूबंदीची जाहिरात होती!"

"बाटली दाखवून?"

"आडवी होती ना ती!"

"आडवी म्हंजे काय? आमी बाटल्या फ्रीजमंदी आडव्याच ठेवतो!"

हशा पिकला, पण तो हशा वाईट होता. त्यात राग होता. "पेट्रोलचे पैसे कोन देनार?" "आमी नाय हलत!" "त्या काकूंनी फोनवर सरकारमान्य सांगितलंय!" घोळका पुढे सरकला, फाटकाला टेकला. हवालदाराने काठी आपटली, पण हळू. घड्याळ पुढे पळत होतं आणि गल्लीत एकही पदर दिसत नव्हता.

आत्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गर्दीत बघत होती. मीही बघितलं.

गणेश! घोळक्याच्या कडेला, भिंतीला टेकून.

आत्या सरळ त्याच्यासमोर गेली. मी मागोमाग. मला वाटलं, आता हात उचलते. तिने फक्त विचारलं, "तुला पन ठाव नव्हतं, हितं काय हाय ते? महिनाभर घरात दुसरं बोलनं नाय."

गणेशने मान वर केली नाही. "ठाव होतं, आई."

"मग?"

"आठवडाभर त्या टीवीवर थेंब बघतोय. ठाव असून पन तहान लागली. पाय आपोआप आले हितं."

मंडळी, मी पदवीधर आहे. प्रकल्पाला वर्गात पहिला नंबर आहे. आणि त्या क्षणी मला शाळेच्या भिंतीत शिरता आलं असतं तर शिरले असते. तो थेंब मी निवडला होता. तीन फोटोंतून सगळ्यात चांगला ओघळणारा थेंब, मुद्दाम.

मी रडायच्या बेतात होते. आत्या नव्हती. तिने पदर खोचला आणि मला विचारलं, "तो तुझा कॅमेरेवाला कुठं हाय?"

"मैदानात. का?"

"आन त्याला. ह्या सगळ्यांना दाखव टीवीवर. बायका घरी बसल्यात ना? बघू दे त्यांना कोन कोन आलंय."

"आत्या, सगळे दिसतील. गणेश पण..."

"गणेशला आधी दाखव," आत्या म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

कॅमेरावाला आला. सँडीही आला, माइकसकट, नाहीतरी तो आधीच गर्दीत रांग शोधत उभा होता! काका धावत आले. मला वाटलं, दिलीपशेठला दिलेल्या शब्दाची आठवण करून देतील. त्यांनी गणेशकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि कॅमेरावाल्याला म्हणाले, "चालू कर रं."

लाल दिवा लागला. पहिला चेहरा गणेशचा. त्याने तोंड झाकलं नाही. आई बाजूला उभी होती, तो उभा राहिला.

मग कॅमेरा घोळक्यावर फिरला. आणि सँडीला काय बोलायचं ते सांगावं लागत नाही!

"आणि पाहताय मंडळी, थेट प्रक्षेपण! सकाळी सकाळी बाटलीसाठी आलेले आपले मान्यवर! निळ्या जर्सीत कप्तान, हातात बर्फाचा डबा! बाजूला कोन हाय? अरे, हे तर आमच्या नेरळचे मास्तर! नमस्कार मास्तर! घरी वैनी बघतायत!"

अशी पळापळ तुम्ही कधी पाहिली नसेल. आयुष्यभर टीव्हीवर दिसायला मिळावं म्हणून कॅमेऱ्यासमोर हात हलवणारी माणसं, आणि आज एकेकाने तोंडावर रुमाल, हेल्मेट, फरसाणाची पिशवी घेतली! कप्तानाने थर्माकोलचा डबाच डोक्यावर उपडा केला. बर्फ कॉलरमधून आत. टेंपो सुरू व्हायच्या आधी टीम त्यात बसलेली. मास्तर बांधावरून पळाले. आजोबा तेवढे शांत उभे होते, ग्लास हातात धरून, कॅमेऱ्यात बघून हसत. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिला होता.

आणि मग गल्लीतून बायका आल्या. हळूहळू नाही. धाडकन! काहींच्या हाताला पीठ, एकीच्या हातात लाटणं, ते मतदान केंद्रात न्यायचं नाही म्हणून हवालदाराने बाहेर ठेवून घेतलं. मघाची ती सून सगळ्यात पुढे. "दुकान बंद असताना एवढे, तर उघडं राहिलं तर किती?" असं म्हणत आत शिरली. तिचे सासरे पळणाऱ्यांत होते, हे मला नंतर कळलं. मग कोणाचं ओरडणं आणि कोणाचं काय!

संध्याकाळी मोजणी झाली. साहेब आकडा वाचत होते, आत्या खांबाला धरून उभी होती. आडवी बाटली निम्म्याच्या वर गेली. जेमतेम. पण गेली! दिलीपशेठ खुर्ची उचलून निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, गणेशची दारू सुटली का? सुटली असती तर मी हा किस्सा आणखी छाती पुढे काढून सांगितला असता. नाही सुटली. पण आता शीळफाट्यापर्यंत जावं लागतं, आणि आत्या गाडीभाड्याला पैसे देत नाही. मधेमधे काही दिवस तो नेटमध्ये बॉलिंग टाकायला येतो. वेग गेलाय, पण टप्पा पडतो.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी मान वर करून हिंडले असते. पण परवा आत्याच्या अंगणात बसले होते, आणि तिचा फोन वाजला. तिने ऐकलं, भुवया वर केल्या आणि फोन माझ्याकडे दिला. "घे. जाहिरात केली तिलाच द्या म्हनतोय."

पलीकडे एकदम गुळगुळीत आवाज. मुंबईचा. रानगवा सोड्याच्या जाहिरातींचं काम बघतो, त्या रविवारचं लाइव्ह पाहिलंय म्हणाला. ती बाटलीवाली जाहिरात आपणच केलीत का, आमच्यासाठी काम कराल का?

झालं! माझा सगळा साठलेला राग बाहेर आला. "तुम्हाला लाज नाही वाटत? सोड्याच्या नावाखाली दारू विकता! ती जाहिरात तुमच्या विरोधात होती! दारूबंदीची होती! आमच्या गावातलं दुकान बंद झालं तिच्यामुळे!" मी दम लागेपर्यंत बोलले.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तेच तर म्हणतोय, मॅडम. नाव नाही, माल नाही, दुकान बंद, उलट दारूबंदीची जाहिरात. तरी लोक बर्फ घेऊन आले. आमच्याकडे इतकी वर्षं हिरो नाचवून कोणी घरून ग्लास घेऊन येत नाही."

मी फोन ठेवला. म्हणजे, हातातून पडला.

आत्या तांदूळ निवडत होती. "काय म्हनत होता गं?"

"नोकरी देतोय मला. जाहिराती करायची. दारूच्या."

मला वाटलं, आत्या भडकेल. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"घे की मग," ती म्हणाली. "फक्त आपल्या केबलवर दाखवू नको. परत मतदान घ्यायला बायकांना सवड नाय."